मत तुमचं, निर्णय कुणाचा?

दोस्तांनो, समजा तुमच्या वर्गाची सहल निघायची आहे. रायगड की प्रतापगड, असा प्रश्न पडला. बाईंनी फळ्यावर दोन्ही नावं लिहिली आणि हात वर करायला सांगितले. रायगडाला ३१ हात, प्रतापगडाला १९. ठरलं! मग वर्गाने आपल्यातल्याच दोघांना प्रतिनिधी म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठकीला पाठवलं. अर्ध्या तासाने दोघं बाहेर आले आणि म्हणाले, "प्रतापगड नक्की झालं बरं का!"

पुढे काय होईल ते मी सांगायला नकोच. सगळा वर्ग डोक्यावर घ्याल तुम्ही! "अरे, पण आपलं तर रायगड ठरलं होतं!" आता हे दोघे काय कारण सांगतात, ते महत्त्वाचं. समजा ते म्हणाले, "रायगडचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद आहे. गाडी जाणारच नाही." तुम्ही हिरमुसाल, पण समजून घ्याल. पण समजा ते म्हणाले, "आत गेल्यावर आम्हाला वाटलं, प्रतापगडच बरा. तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" तर? पुढच्या वेळी बाईंनी हात वर करायला सांगितले, तर किती जण करतील?

हाच प्रश्न अमेरिकेसारख्या बलाढ्य देशाला शंभराहून अधिक वर्षं छळतो आहे. तिथे सहल नसते, तर देशाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचा असतो. आज त्याचीच गोष्ट.

प्रायमरी, पण शाळा नव्हे

अमेरिकेत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन असे दोन मोठे पक्ष आहेत. दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात अध्यक्षाची निवडणूक होते. प्रत्येक पक्षाचा उमेदवार एकच. पण इच्छुक मात्र पुष्कळ! मग त्यातला एक निवडायचा कुणी?

त्यासाठी तिथे आधी पक्षापुरती एक निवडणूक होते. तिला म्हणतात 'प्रायमरी'. (चौथीपर्यंतची शाळा आठवली ना? त्या प्रायमरीचा आणि हिचा संबंध नाही!) साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात ही प्रायमरी होते. काही राज्यांत मतपेटीऐवजी सभा भरवून कौल घेतात. या निवडणुकीत पक्षाचे साधे मतदार मत देतात. आपल्या शेजारचे वाणी, शिक्षक, बस-ड्रायव्हर असतात ना, तशी माणसं. ज्या इच्छुकाला जितकी मतं, त्या हिशेबाने त्याच्या वाट्याला प्रतिनिधी येतात. मग उन्हाळ्यात पक्षाचे मोठे अधिवेशन भरते. देशभरातून आलेले हजारो प्रतिनिधी तिथे मत देतात आणि उमेदवाराचे नाव जाहीर होते.

आपल्याकडे असं नसतं. लोकसभेचं किंवा विधानसभेचं तिकीट कुणाला द्यायचं, ते पक्षाचे नेते ठरवतात. 'पक्षश्रेष्ठींचा निर्णय' हे शब्द तुम्ही बातम्यांत ऐकले असतील. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेस पक्षाने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षातल्या लोकांची मतं घेऊन उमेदवार ठरवण्याचा प्रयोग केला होता. त्यात आपले वर्धा आणि लातूरही होते. पण तो प्रयोग काही रुजला नाही.

तर आता मुद्द्याचा प्रश्न. मतदारांनी प्रायमरीत एकाला पसंती दिली. पण अधिवेशनात जमलेल्या प्रतिनिधींना वाटलं की हा माणूस काही बरोबर नाही. तर त्यांनी मतदारांची निवड बाजूला सारून दुसऱ्यालाच उभं करावं का?

टेडी बेअरवाल्या रूझवेल्टचा राग

टेडी बेअर तुम्हाला ठाऊकच आहे. त्याला ते नाव मिळालं थिओडोर ऊर्फ 'टेडी' रूझवेल्ट या अमेरिकेच्या अध्यक्षावरून. १९०२ साली शिकारीला गेले असताना लोकांनी त्यांच्यासाठी एक अस्वल झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले आणि त्यातून खेळण्यातले टेडी बेअर जन्माला आले.

१९०९ मध्ये रूझवेल्ट पायउतार झाले आणि त्यांचेच मित्र विल्यम टाफ्ट अध्यक्ष झाले. पुढे दोघांचे बिनसले. १९१२ मध्ये रूझवेल्ट पुन्हा रिंगणात उतरले. त्या वर्षी प्रायमरी ही पद्धत पहिल्यांदाच बऱ्याच राज्यांत वापरली गेली. जिथे जिथे लोकांना विचारले, तिथे बहुतेक ठिकाणी लोकांनी रूझवेल्टनाच मते दिली. खुद्द टाफ्ट यांच्या ओहायो राज्यातसुद्धा!

पण प्रायमरी होती थोड्याच राज्यांत. बाकीचे प्रतिनिधी पक्षाच्या पुढाऱ्यांनी निवडलेले होते. शिकागोला अधिवेशन भरले. काही जागांवर कुणाचे प्रतिनिधी खरे, यावरून वाद झाला. पक्षाच्या समितीने त्यातल्या बहुतेक जागा टाफ्ट यांच्या पदरात टाकल्या आणि उमेदवार झाले टाफ्ट.

रूझवेल्ट गप्प बसणारे नव्हते. "ही तर चोरी आहे!" म्हणत त्यांनी नवा पक्ष काढला. रिपब्लिकन मते फुटली, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. टाफ्ट गादीवर असलेले अध्यक्ष, पण त्यांना जेमतेम दोन राज्ये जिंकता आली.

१९६८ : सभागृहाच्या आत आणि बाहेर

यानंतरही अनेक वर्षे प्रायमरी म्हणजे नुसता शोभेचा मामला होता. १९५२ मध्ये एस्टिस केफॉव्हर यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या. अधिवेशनाने उमेदवारी दिली ॲडले स्टीव्हनसन यांना. (ते नोव्हेंबरात हरले.) खरी ठिणगी पडली ती १९६८ मध्ये.

तेव्हा व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते. तुमच्या मोठ्या दादाच्या वयाच्या हजारो अमेरिकन मुलांना सक्तीने सैन्यात नेत होते. युद्ध थांबवा, असे म्हणणारे दोन नेते प्रायमरीत उतरले : यूजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी. डेमोक्रॅटिक मतदारांची बहुतेक मते या दोघांत वाटली गेली. अध्यक्ष जॉन्सन यांनी मार्चअखेरीला 'मी पुन्हा उभा राहणार नाही' असे जाहीर केले. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची गोळ्या घालून हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोला अधिवेशन भरले आणि उमेदवारी कुणाला मिळाली? उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकाही प्रायमरीत भाग घेतला नव्हता!

म्हणजे बघा, घाम गाळून पळाले दोघे आणि कप मिळाला तिसऱ्यालाच. नियमात ते बसत होते, कारण बहुतेक प्रतिनिधी तेव्हाही पुढारीच निवडत. पण लोकांच्या मनात ते बसले नाही. सभागृहाच्या बाहेर युद्धविरोधी तरुण आणि पोलीस यांच्यात चकमकी झाल्या. लाठ्या, अश्रुधूर, पळापळ, सगळे देशाने टीव्हीवर पाहिले. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री सुमारे पाच लाख मतांनी मागे पडले आणि रिचर्ड निक्सन अध्यक्ष झाले.

या धक्क्यानंतर पक्षाने एक आयोग नेमला आणि नियम बदलले. उमेदवार लोकांच्या कौलानेच ठरावा, अशी व्यवस्था केली. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. आज जी प्रायमरी आपण बातम्यांत पाहतो, ती या भांडणातून जन्मली आहे.

थांबा, दुसरी बाजूही ऐका

तुम्ही म्हणाल, यात वाद कसला? लोकांचं ऐकायचं, संपलं! पण दोस्तांनो, घाई नको. प्रतिनिधींना थोडी मोकळीक हवी, असं म्हणणाऱ्यांकडेही कारणं आहेत आणि ती फालतू नाहीत.

पहिलं कारण अब्राहम लिंकन. १८६० मध्ये प्रायमरी नव्हतीच. शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत विल्यम सेवर्ड पुढे होते. प्रतिनिधींनी चर्चा केली, आकडेमोड केली आणि तिसऱ्या फेरीत निवडले लिंकनना. गुलामगिरी संपवणारा हा अध्यक्ष प्रतिनिधींच्या विचारविनिमयातून मिळाला.

दुसरं कारण १९७२ सालचं. नव्या नियमांनुसार मतदारांनी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना निवडले. नोव्हेंबरमध्ये ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले! पक्षातले जुने जाणते म्हणाले, "बघा, आम्हाला विचारलं असतं तर?" म्हणून १९८४ पासून डेमोक्रॅटिक पक्षाने खासदार, राज्यपाल आणि पक्षाचे पदाधिकारी यांना आपोआप प्रतिनिधी केले. त्यांना लोक 'सुपरडेलिगेट' म्हणू लागले. त्यांच्यावर प्रायमरीच्या निकालाचे बंधन नव्हते. हवे त्याला मत द्यावे!

तिसरं कारण म्हणजे प्रायमरीत मत देतात ते देशातले थोडेच लोक. शिवाय इच्छुक दहा-पंधरा असतील, तर मतं विभागली जातात. २०१६ मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे १ कोटी ४० लाख मते मिळाली. आकडा मोठाच, पण त्याहून जास्त मते बाकीच्या सगळ्यांना मिळून पडली होती. म्हणून पक्षातला एक गट म्हणू लागला, 'प्रतिनिधींना बंधनातून मोकळे करा, त्यांना मनाप्रमाणे मत देऊ द्या.' क्लीव्हलंडच्या अधिवेशनात तो प्रयत्न फसला. ट्रम्पच उमेदवार झाले आणि निवडूनही आले.

आणि चौथं कारण असं की पक्ष म्हणजे काही सरकार नव्हे. ती माणसांनी एकत्र येऊन काढलेली संस्था. आपला उमेदवार कसा ठरवायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

मग बरोबर कोण?

आता एकेक कारण तपासून पाहू.

जाणत्यांनी लिंकन निवडले हे खरे. पण १९२० मध्ये जाणत्यांनीच वॉरन हार्डिंग यांना निवडले. शिकागोच्या एका हॉटेलात, सिगारच्या धुराने भरलेल्या खोलीत रात्री उशिरा हे ठरले, असे म्हणतात. हार्डिंग जिंकले खरे, पण त्यांचा कारभार लाचखोरीच्या प्रकरणांनी गाजला. चार वर्षांनी, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक प्रतिनिधींचे एकमत होईना. मतदानाच्या किती फेऱ्या झाल्या असतील? १०३! एवढे करून निवडलेले जॉन डेव्हिस नोव्हेंबरमध्ये हरलेच. म्हणजे जाणते एकत्र बसले की निवड चांगलीच होते, असं काही नाही.

उलट, लोकांनी निवडलेला जिंकतोच असंही नाही. १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी प्रायमऱ्यांत पुरेसे प्रतिनिधी मिळवले होते. अधिवेशनात एडवर्ड केनेडींच्या गटाने मागणी केली, की प्रतिनिधींना मोकळे करा. ती फेटाळली गेली. मतदारांचा कौल राखला गेला आणि नोव्हेंबरमध्ये कार्टर सपाटून हरले.

मग हार-जीत ही कसोटी धरायची कशी? ती तर दोन्हीकडे सारखीच. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे : तुम्ही लोकांना विचारलं होतं का?

लोकांना विचारलंच नाही, तर ती एक पद्धत झाली. लिंकनच्या वेळी कुणाला विचारले नव्हते, म्हणून कुणाची फसवणूकही झाली नाही. पण एकदा माणसाला रांगेत उभं केलं, त्याच्या हातात मतपत्रिका दिली, 'तुझं मत मोलाचं' असं सांगितलं आणि मग निकाल आवडला नाही म्हणून तो गुंडाळून ठेवला, तर? रूझवेल्टच्या मतदारांना राग आला तो यासाठीच. न विचारल्याचं दुःख होतं. विचारून डावलल्याचा अपमान वाटतो. आणि अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी मत द्यायला येत नाही. एखादी निवडणूक हरली, तर चार वर्षांनी पुन्हा जिंकता येते. उडालेला विश्वास चार वर्षांत परत येतोच, असं नाही.

शिवाय चूक सुधारायला नोव्हेंबर आहेच की! प्रायमरीच्या मतदारांनी नालायक माणूस निवडला, असं समजा. तो लगेच अध्यक्ष होत नाही. सगळ्या देशाचे मतदार त्याला पाडू शकतात. मॅकगव्हर्नना पाडलंच ना? मग थोड्या प्रतिनिधींनी मध्येच उठून सगळ्यांचं काम आपल्या हातात घेण्याची गरज काय?

म्हणून मला वाटतं, प्रतिनिधींनी मतदारांची निवड केवळ आपल्याला पटली नाही म्हणून उलटवू नये. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. ज्यांनी निवडून पाठवले त्यांच्या भावना प्रतिनिधींनी प्रामाणिकपणे, सदसद्विवेकाला स्मरून मांडाव्यात, असा तिचा अर्थ. 'भावना मांडा' म्हटलं आहे. 'त्यांच्याऐवजी तुम्हीच ठरवा' असं म्हटलेलं नाही.

सुपरडेलिगेटांचंही तेच झालं. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स आणि हिलरी क्लिंटन यांच्यात चुरस होती. पहिले मत पडण्याआधीच शेकडो सुपरडेलिगेट क्लिंटन यांच्या बाजूने उभे राहिले होते. प्रत्यक्षात सामान्य मतदारांची मतेही क्लिंटन यांनाच जास्त मिळाली. तरी सँडर्स यांच्या तरुण पाठीराख्यांना वाटत राहिले, की सामना सुरू होण्याआधीच एका संघाच्या नावावर धावा मांडल्या. अखेर २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. उमेदवारीची चुरस असेल, तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत देता येणार नाही!

रस्ता खरंच बंद असेल तर?

पण सगळ्याच वेळा इतक्या सोप्या नसतात. २०२४ चं उदाहरण घ्या. अध्यक्ष जो बायडन यांनी जवळजवळ सगळ्या प्रायमऱ्या जिंकल्या. १ कोटी ४० लाखांहून अधिक मते मिळवली. २७ जूनला ट्रम्प यांच्याशी टीव्हीवर वादविवाद झाला. ८१ वर्षांचे बायडन त्यात अडखळले, वाक्ये अर्धवट राहिली. पक्षातले लोक म्हणू लागले, 'आता थांबा.' २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि प्रतिनिधींनी ऑगस्टच्या सुरुवातीला उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना उमेदवार केले. (त्यांची आई मूळची चेन्नईची, हे तुम्हाला माहीत असेलच.) नोव्हेंबरमध्ये ट्रम्प जिंकले.

इथे प्रतिनिधींनी मतदारांना डावललं का? नाही, असंच म्हणावं लागेल; कारण मतदारांनी निवडलेला माणूस स्वतःच बाजूला झाला. हा झाला 'रस्ता बंद' प्रकार. अशा वेळी निर्णय घ्यायला कुणीतरी लागतं आणि त्यासाठीच तर प्रतिनिधी असतात. तरीही लाखो मतदारांच्या मनात एक रुखरुख राहिली. त्यांनी मत दिलं होतं एकाला आणि नाव आलं दुसऱ्याचं. ज्या मोठ्या माणसांना बायडन यांच्या वयाची काळजी होती, त्यांनी ती प्रायमरीच्या आधी उघडपणे बोलून दाखवायला नको होती का? तेव्हा तगडे प्रतिस्पर्धी उभे राहिले असते, तर मतदारांनाच ठरवता आलं असतं.

मला यातून एकच गोष्ट सांगावीशी वाटते. शहाणपण मतदानाच्या आधी सांगायचं असतं. भाषणं करा, पत्रकं वाटा, दारोदार फिरा, 'हा माणूस का नको' ते पटवून द्या. एकदा मतं पडली, की मग शहाणपण लादायचं नसतं.

आता वर्गात, मंडळात, सोसायटीत कुठेही तुम्ही प्रतिनिधी झालात आणि बहुमत उलटवावं असं मनात आलं, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. परिस्थिती खरोखर बदलली आहे, की फक्त मला पटत नाहीये? असा अधिकार मला आहे, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं का? आणि मी जे करतोय, त्याचं कारण सगळ्यांसमोर उभं राहून सांगू शकेन का? तिन्हींची उत्तरं मान वर करून देता आली, तरच पुढे व्हा.

आणि आई-बाबांनो, हा प्रश्न तुमच्यासाठीही आहे बरं का! घरात 'सुट्टीत कुठे जायचं?' असं मुलांना विचारता आणि तिकिटं आधीच काढलेली असतात, असं होतं की नाही? रेल्वेची तिकिटं बरीच आधी काढावी लागतात, हे मुलांना समजतं. मग त्यांना सरळ तसं सांगा. नाहीतर त्याच्याही आधी विचारा आणि मुलं म्हणतील ते ऐका.

या आठवड्याचा गृहपाठ : जेवताना घरातल्या मोठ्यांना विचारा, आपल्याकडेही पक्षाचा उमेदवार लोकांनी मतं देऊन ठरवावा का? कोण हो म्हणतं, कोण नाही, आणि का, ते वहीत लिहून ठेवा. घरात दोन तट पडले, तर उत्तमच. फक्त भांडण आमटी गार व्हायच्या आत मिटवा!